पालथी पानं

धाकटी बहीण गेल्यानंतर अकराव्या आठवड्यात मी लीड्सहून मिल्टन कीन्सला गेले, ते एका बाईला चार लोकांत खाली मान घालायला लावण्यासाठी. रजा मागताना मी कारण वेगळं दिलं होतं. मी एका विद्यापीठाच्या ग्रंथालयात पुस्तकांच्या नोंदी करते आणि माझा आवाज दोन कपाटांपलीकडे जात नाही. म्हणून काय बोलायचं ते मी एका कार्डावर लिहून घेतलं होतं आणि ट्रेनमध्ये बसून त्यातले शब्द कमी करत आणले होते. शेवटी तीन वाक्यं उरली. माझी बहीण दर गुरुवारी तुमच्याकडे येत होती. तिची हॉस्पिटलची तारीखही गुरुवारीच असायची. तुम्ही तिला एकदा तरी विचारलंत का?

ती बाई इंग्लिश होती, पूर्वी शाळेत भूगोल शिकवायची. पेरूमध्ये दोन वर्षं राहून, अँडीज डोंगरातल्या एका म्हाताऱ्या पुजाऱ्याकडून ती तिथले विधी शिकून आली होती आणि गुरुवारी दुपारी कौन्सिलच्या, म्हणजे नगरपालिकेच्या, एका हॉलमध्ये ते करायची. त्यातला मुख्य विधी आभाराचा. एका मोठ्या कागदावर पानं, फुलं, धान्य, साखर, मिठाई असं मांडत जायचं, धरणीमातेचे आभार मानायचे, मग कागदाची घडी घालून पुडा दोऱ्याने बांधायचा आणि अग्नीला द्यायचा. छातीतल्या गाठीचं निदान झालं आणि केमोच्या तारखा हातात आल्या, त्याच सुमाराला बहीण तिथे जायला लागली. "ताई, आपल्या पूजेसारखंच आहे गं सगळं, फक्त सोवळं नाही," असं तिने मला फोनवर सांगितलं होतं. चुकवलेल्या तारखांची हॉस्पिटलची पत्रं ती गेल्यावर तिच्या शिवणाच्या डब्यात सापडली. तीन होती.

मेहुणे मला स्टेशनवर घ्यायला आले होते.

"ताई, तुम्ही भांडायला जाताय ना?" गाडी सुरू करता करता त्यांनी विचारलं.

"तुम्हाला सोडायचं नसेल तर मी टॅक्सी करते."

"सोडतो हो. पण ती म्हणायची, ताई चिडली की फार सभ्य होते. फलाटावरून गाडीपर्यंत येईतो तुम्ही मला चार वेळा थँक यू म्हणालात."

"आणि तुम्ही? तीन तारखा चुकल्या, तुम्हाला पत्ता नाही."

राउंडअबाउटवर आमचा रस्ता सुटला, म्हणून त्यांनी आणखी एक फेरी मारली. "संध्याकाळी घरी आलो की ती म्हणायची, अपॉइंटमेंट झाली, थकलेय, खिचडी टाकता का? मी खिचडी टाकायचो. बायकोची उलटतपासणी कोण घेतं, ताई?"

त्यांच्यावरही मी रागावले असते. पण त्यांच्या शर्टाला इस्त्री नव्हती, आणि मला माझा राग एकाच ठिकाणी लागणार होता.

हॉलमध्ये घडीच्या खुर्च्या होत्या आणि भिंतीवर बॅडमिंटनच्या वेळांचा कागद होता. सात-आठ माणसं गोल करून बसली होती. बाईच्या केसांची पांढरी वेणी होती, अंगात कोपरावर विटलेलं कार्डिगन. ती लबाड दिसेल अशी माझी फार इच्छा होती. ती तशी दिसत नव्हती, त्यामुळे मला आणखीच राग आला. तिने मला बसायला जागा दिली आणि हे कुठून कळलं म्हणून विचारलं. "वाचनात आलं," मी म्हणाले. आम्ही बहिणी दिसायला मुळीच सारख्या नव्हतो.

मधोमध रंगीत पट्ट्यांचं कापड होतं आणि त्यावर पांढरा कागद. प्रत्येकाला तीन-तीन पानं मिळाली. पेरूमध्ये यासाठी कोकाची पानं घेतात. इथे ती बाळगणं गुन्हा, म्हणून ही बे लीफ, आपल्या तमालपत्राच्या जातीची. तीन पानं पंख्यासारखी चिमटीत धरायची, ज्याचे आभार मानायचे ते मनात आणून त्यांवर फुंकर घालायची आणि कागदावर ठेवायची.

"आजची पानं मी सुपरमार्केटमधून आणलीत," माझ्या शेजारचा निवृत्त बस-ड्रायव्हर म्हणाला. "धरणीमातेला आज रविवारच्या स्ट्यूचा वास येणार."

"मागच्या वेळी तू जेली बेबीजच्या गोळ्या आणल्या होत्यास, त्या तिने चालवून घेतल्या," बाई म्हणाली. सगळे हसले. माझ्या बोटाला खिशातल्या कार्डाची कड लागत होती.

माझी पाळी आली. मी तीन पानं चिमटीत धरली, फुंकर घातल्यासारखं केलं आणि ती कागदावर ठेवली. हाताने ते आपलं आपण केलं. लहानपणापासून श्रावणी सोमवारी पिंडीवर बेल वाहिलेला हात तो. त्याने ती पालथी ठेवली.

बाई पुढे वाकली. "चकचकीत बाजू वर असू दे," ती हळूच म्हणाली. "पालथं पान म्हणजे नकार. आभार उलटे जातात, असं माझे गुरुजी सांगायचे." आणि तिने बोटाच्या टोकाने माझी तिन्ही पानं एकेक करून सुलटी केली.

हे तिने मला सांगायला नको होतं. दुसऱ्या फेरीत साखर आणि मका पडल्यावर पुन्हा पानं आली, तेव्हा मी ती नीट बघून, समजून उमजून पालथी ठेवली. पहिलं त्या बाईच्या तब्येतीच्या नावाने. दुसरं तिच्या झोपेच्या नावाने. तिसरं, तिचं जे कोणी सर्वांत जवळचं असेल त्याच्या नावाने. या तिन्हींवर मात्र मी मनापासून फुंकर घातली होती. इतकी एकाग्रता मला आयुष्यात कुठल्याच पूजेत साधली नव्हती.

बाईने ते पाहिलं. या वेळी तिने हात पुढे केला नाही. "एक मुलगी यायची इथे," ती म्हणाली. "तीही अशीच ठेवायची. मी दर वेळी सुलटी करायचे, आणि ती हसून म्हणायची, आमचा देव पालथंच घेतो."

"ती माझी बहीण होती," मी म्हणाले.

कार्ड काढावंच लागलं नाही. तिन्ही वाक्यं मी म्हटली, आणि माझा आवाज त्या हॉलच्या पार टोकापर्यंत गेला. बस-ड्रायव्हरने हातातली साखरेची पिशवी खाली ठेवली.

"विचारलं होतं," बाई म्हणाली. "दुसऱ्याच आठवड्यात. ती म्हणाली, मोठ्या बहिणीला फोन केला होता, ती खूप वाचते, ती म्हणाली जा."

मला तो फोन आठवत होता. टेबलावर यादी उघडी होती, रिसीव्हर मानेत धरून मी पेन्सिलने खुणा करत होते. "पण गुरुवारीच हॉस्पिटलपण असतं गं," असं ती म्हणाली होती. मला ते ऐकू आलं होतं. "तुला बरं वाटतंय ना तिथे? मग जा," असं मी म्हणाले होते, कारण खुणा करायच्या अजून दोन पानं राहिली होती.

"आणि तेवढ्यावर तुम्ही गप्प बसलात?"

"हो, बसले." तिचे हात मांडीवर होते. "मी तिला हाताला धरून गाडीत घालायला हवं होतं. पण ती आली की मला बरं वाटायचं. हॉल भरल्यासारखा वाटायचा. म्हणून पुन्हा विचारलं नाही."

तिने मान खाली घातली, आठ माणसांसमोर, अगदी मी ठरवली होती तशी. ज्यासाठी मी आले होते ते मिळालं होतं. मी पाहत राहिले. ती मान वर करेना, आणि मला ते पुरेना.

"तुमची पानं काढून घ्यायची आहेत का?" थोड्या वेळाने तिने विचारलं.

"नाही."

मग तिने कागदाची घडी घातली, पुडा बांधला आणि मागच्या अंगणातल्या पिंपात तो पेटवला. जळताना सगळ्यांनी पाठ फिरवायची असते, कारण धरणीमाता जेवत असते आणि जेवणाऱ्याच्या ताटाकडे बघू नये. सगळे कुंपणाकडे तोंड करून उभे राहिले. मी पिंपासमोर उभी राहून शेवटपर्यंत बघितलं.

मेहुणे गाडीत वाट पाहत होते. "काय झालं, ताई?"

"तिने कबूल केलं. तिला माहीत होतं, आणि तिने जाऊ दिलं."

त्यांनी स्टिअरिंगवर दोन्ही हात ठेवले. इतक्या दिवसांत पहिल्यांदा ते मोठ्याने रडले. "मी कौन्सिलला लिहितो. हॉल बंद करायला लावतो तिचा. तुम्ही सांगा, ताई, लिहू ना?"

तेव्हा बोलायला हवं होतं. फोनचं एक वाक्य सांगायला फार वेळ लागला नसता.

"तुमचं इंग्रजी ऑफिसचं आहे," मी म्हणाले. "मी लिहिते."

पत्र मी त्याच संध्याकाळी त्यांच्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर लिहिलं. चांगलं उतरलं. एकही कडवट शब्द नव्हता, गुरुवारांचा क्रम नीट होता, हॉस्पिटलच्या तिन्ही पत्रांच्या प्रती जोडल्या होत्या आणि बाईचा कबुलीजबाब अवतरणचिन्हांत होता, तिने विचारलं होतं आणि मी 'जा' म्हणाले होते तेवढा भाग वगळून. मेहुण्यांनी सही केली. उन्हाळा संपायच्या आत तिचा हॉल गेला. पुढे आजूबाजूच्या गावांतही तिला कोणी जागा देईना, असं त्यांनीच मला समाधानाने फोनवर सांगितलं.

कौन्सिलने तिचं म्हणणं लेखी मागवलं होतं. त्याची प्रत मेहुण्यांना आली, त्यांनी ती मला वाचून दाखवली. मी रिसीव्हर घट्ट धरून माझा उल्लेख कधी येतो याची वाट पाहत होते. तो आलाच नाही. "मला माहीत होतं, मी पुन्हा विचारलं नाही," एवढंच तिने लिहिलं होतं. मोठ्या बहिणीबद्दल एक अक्षर नव्हतं.

त्याबद्दल मी तिला अजून क्षमा केलेली नाही.