आधी पाय मोजा

हा गौरवग्रंथ खरं तर कौसल्याताईंच्या पंचाहत्तरीला, म्हणजे येत्या मार्गशीर्षात निघायचा होता. तो चार महिने आधीच का निघतो आहे, हे संपादक मंडळी उघड बोलत नाहीत, म्हणून मीच सांगतो. कौसल्याताई गायकवाड म्हणजे आमच्या निवृत्त मेट्रन. त्यांना सावकाश चालणारा रक्ताचा कर्करोग, डॉक्टरी भाषेत क्रॉनिक ल्युकेमिया, आहे हे आम्हा सर्वांना काही वर्षांपासून ठाऊक आहे. मध्यंतरी त्यांच्या पायांवर सूज दिसली आणि मंडळींनी मनाशी काय ते ठरवून टाकलं. मला फोन आला तोही दबक्या आवाजात, "डॉक्टर, लेख लवकर द्या. ताईंचे पाय सुजलेत." लेख देतो आहे. पण या घाईचा मला राग आला आहे आणि तो मी लपवणार नाही.

कारण हीच घाई एकदा मी केली होती आणि ताईंनीच मला अडवलं होतं. आमची पहिली ओळख ती.

लातूर जिल्हा तेव्हा नुकताच वेगळा झाला होता आणि पाऊस ओळीने दगा देत होता. मी निलंग्याच्या एका छोट्या रुग्णालयात नवाकोरा डॉक्टर. जो तो म्हणायचा, जिल्हा नवा झाला, आता सगळं मिळेल. ताई टँकरच्या रांगेकडे बोट दाखवून म्हणायच्या, "जिल्हा नवा झाला हो, पाणी कुठं नवं आलं?" त्या मूळच्या हिमायतनगरकडच्या. आवाज खडा, चाल भरभर, आणि पांढऱ्या एप्रनच्या खिशात शिंप्याची पिवळी टेप. ती टेप कशाला, असं मी पहिल्या आठवड्यात विचारलं नाही. डॉक्टरने परिचारिकेला विचारायचं नसतं, असा माझा तेव्हा समज होता.

त्याच आठवड्यात महादप्पा आले. गावातले कापडाचे व्यापारी, वयस्कर, याच आजाराचे जुने रोगी. मुलगा त्यांच्या सुजलेल्या पायाला गरम तेल चोळत बसला होता. रक्ताचा कर्करोग आणि त्यात पायावर सूज. आमच्या भागात याचा अर्थ सगळे एकच लावतात, शेवट जवळ आला. लाजेने सांगतो, मीही तोच लावला. धोतर सारून दुसरा पाय पाहायचे कष्टही घेतले नाहीत. कागदावर लिहिलं, 'आजार वाढला आहे. घरी नेण्यास हरकत नाही.'

ताईंनी कागद वाचला. "नेऊ द्या साहेब. पर आधी पाय मोजू द्या."

त्यांनी पहिल्यांदा मुलाचा चोळणारा हात धरला. मग दोन्ही गुडघ्यांखाली सारखंच अंतर घेऊन पोटऱ्यांना टेप लावली. डावी पोटरी उजवीपेक्षा दीड इंचाने जास्त भरली. ती गरम होती, दाबली की अप्पा कळवळत होते. "आजारानं सुजायचं असतं तर एकच पाय कामून निवडला असता, साहेब?" त्यांनी मला बाजूला घेऊन, हळू आवाजात विचारलं. मी परत जाऊन दोन्ही पाय शेजारीशेजारी पाहिले. शिरेत रक्ताची गुठळी होती, आणि मी त्या माणसाला बैलगाडीत घालून खडबडीत रस्त्याने घरी पाठवायला निघालो होतो. ती गुठळी सुटून फुप्फुसात गेली असती तर अप्पा घरीसुद्धा पोचले नसते.

लातूरहून एसटीने इंजेक्शन मागवलं. पाय उशीवर उंच ठेवला. रक्त पातळ करणारं औषध म्हणून हिरड्यांतून, लघवीतून रक्त येतं का, याच्यावर ताई डोळ्यात तेल घालून नजर ठेवून होत्या. आणि त्याच वेळी कारण खणून काढत होत्या. या आजारात गुठळीचा धोका असतोच. तो वाढला कशाने? अप्पा दिवसभर दुकानाच्या गादीवर मांडी घालून बसत. घरात पाणी मोजून मिळे. स्वतःच्या वाट्याचा तांब्या ते इष्टलिंगाच्या पूजेला वाहत आणि वर तेवढं चमचाभर तीर्थ घेत. दुष्काळात देवाला कमी पडू नये म्हणून हा माणूस स्वतः कोरडा राहिला होता.

ताईंनी पाण्याचा पेला पुढे केला. मुलगा अवघडून म्हणाला, "अप्पा बाहेरचं पाणी घेत न्हाईत, सिस्टर." 'बाहेरचं' म्हणजे काय, हे वॉर्डात सगळ्यांना कळलं. मला मान वर करवेना. ताईंनी पेला शांतपणे खाली ठेवला.

"मग आतलं पाजा. पर पाजा." आणि अप्पांकडे वळून म्हणाल्या, "अप्पा, पूजा सोडू नका. फक्त तीर्थ चमचाभर न्हाई, तांब्याभर घ्या."

अप्पा हसले. वॉर्डात आल्यापासून पहिल्यांदाच. सूज ओसरली तसे एका सकाळी ते स्वतःच म्हणाले, "सिस्टर, लई तहान लागून राहिली. तुमचा तांब्या इकडं द्या." मुलगा बघतच राहिला. पुढे कित्येक वर्षं ते गादीवर होते; फक्त मधूनमधून उठून दुकानात येरझाऱ्या घालत.

तो कागद ताईंनी कुणाला दाखवला नाही. माझ्यापुढे ठेवून म्हणाल्या, "तुमच्या हातानं दुरुस्त करा." त्यानंतर मी त्यांचा विद्यार्थी झालो. सूज एका पायाला की दोन्ही? एका पायाला असेल तर गुठळी शोधा. पाय लाल आणि तापलेला असेल तर जंतुसंसर्ग. या रोग्यांच्या पांढऱ्या पेशी नुसत्या संख्येने वाढतात, लढायला कामाच्या नसतात. जांघेत किंवा पोटात गाठी वाढून शिरा दाबल्या गेल्या आहेत का, तेही चाचपा. दोन्ही पाय असतील तर हृदय, मूत्रपिंड, अंगातलं रक्त, पोटात डाळ-दूध जातंय का, आणि औषध नवीन कोणतं सुरू झालं? कधीकधी शेवटी उत्तर आजारच निघायचा. तेव्हा ताई तेही नातेवाइकांना समोर बसवून सांगत. फक्त ते उत्तर त्यांनी पहिलं म्हणून कधी घेतलं नाही.

म्हणून यंदा संपादक मंडळींचा तो दबका फोन ठेवला आणि मी नांदेडला ताईंच्या घरी गेलो. दार त्यांनीच उघडलं.

"या साहेब. बघायला आलात का मोजायला?"

"मोजायला," मी म्हणालो.

कपाटातून तीच पिवळी टेप निघाली. आकडे पुसट झाले आहेत. दोन्ही पोटऱ्या सारख्या. घोट्याशी दाबलं की खड्डा पडतो. ऊब नाही, दुखणं नाही, जांघेत नवीन काही नाही. रक्तदाबाची गोळी मात्र नुकतीच बदललेली. मला हायसं वाटलं. "ताई, ही गोळीचीच सूज!"

"चांगलं ऐकायचीबी घाई नको," त्या म्हणाल्या. "लघवी तपासा, हृदय बघा, शिरांची सोनोग्राफी करा. मग बोला."

सगळं केलं. सगळं ठीक निघालं. त्यांच्या डॉक्टरांनी गोळी बदलली आणि पंधरवड्यात सूज उतरली.

तेव्हा संपादक मंडळींनी ग्रंथ छापला असेल तर कपाटात ठेवावा. समारंभ ठरल्याप्रमाणे मार्गशीर्षातच होईल. प्रथेप्रमाणे इथे निरोगी दीर्घायुष्य चिंतायचं असतं. 'निरोगी' मी लिहिणार नाही. रोग आहे, ताईंना तो माझ्यापेक्षा चांगला कळतो आणि त्याला त्यांनी कधी भीक घातली नाही. त्या रोगाला घेऊनच त्यांना भरपूर वर्षं लाभोत, आणि आमच्यासारख्या घायकुत्यांना खडसावायला त्यांचा आवाज असाच खडा राहो. समारंभासाठी त्यांनी नवी चप्पल आणून ठेवली आहे. नेहमीच्याच मापाची.