गाढविणीला आवतण

ओमानमधल्या अल् खुवैरच्या ऑफिसातून माझी बदली डोंगराच्या पायथ्याशी, रस्त्याच्या कामावर झाली आणि शेजारीण मिळाली एक बेवारस गाढवीण. गाड्या आल्यावर लोकांनी सोडून दिलेल्या गाढवांची पिलावळ इथे डोंगरात रानटी होऊन फिरते, त्यातलीच ही. कलिंगडाच्या सालींसाठी ती रोज संध्याकाळी हायवे ओलांडून आमच्या मागच्या दाराशी यायची. बायकोने माझ्यापेक्षा तिचेच लाड जास्त केले, हे मी अजूनही बोलून दाखवतो.

पोळा आला. आम्ही वऱ्हाडातले, पोळा कोरडा जाणं बायकोला पटेना. आदल्या संध्याकाळी तिने गाढविणीचे खांदे हळद-तुपाने मळले आणि रीतीप्रमाणे कानात म्हणाली, "आज आवतण घ्या, उद्या जेवायला या." दुसऱ्या दिवशी पाहुणी वेळेवर हजर! आम्ही तिच्या पाठीवर गेरूचे पंजे उमटवले, पुरणपोळी घातली. गाढवाला गुळाची चव काय, असं म्हणणाऱ्याने तिला तेव्हा पाहायला हवं होतं.

दोन दिवसांनी मोकाट गाढवं धरणारी माणसं आली. हायवेवर येणाऱ्या गाढवांच्या पाठीवर ते लाल रंग लावून ठेवत आणि मग लाल पाठीची तेवढी ट्रकमध्ये घालून दूर वाळवंटातल्या कुंपणात नेत. आमची बिचारी पलीकडे डोंगराकडे चरत होती, पण पाठीवर आमचे पंजे! तिला ट्रकमध्ये चढवताना बायकोने खिडकीतून पाहिलं आणि आम्ही धावत रस्ता ओलांडला.

"अहो, गेरू मी लावला ना! काहून गप्प उभे आहात?" असं म्हणत तिने बाटलीतल्या पाण्यात ओढणी भिजवली आणि पाठ घासायला लागली. मीही रुमाल काढला. त्या माणसांचा चिडलेला ओमानी मुकादम ते बघून हसू लागला.

"ये रोड पे क्यों आता?" त्याने विचारलं.

"हम खिलाते हैं," मी खाली बघत म्हणालो.

त्याचं हसू गेलं. "खिलाना खलास, तो छोड़ेगा. फिर रोड पे देखा, तो ट्रक."

मी कबूल केलं. तिला सोडलं.

संध्याकाळी ती नेहमीच्या वेळी आली. मागच्या दारावर खूर आपटून वाट बघत उभी राहिली. आत बायकोच्या हातात कलिंगडाच्या साली होत्या.

"आवतण आपणच दिलं होतं हो," ती म्हणाली आणि रडायला लागली.

आम्ही दार उघडलं नाही.