ऐकीव चालत नाय

ऐकलेल्या गोष्टीवर विश्वास न ठेवणारा अख्ख्या ओतुरात एकच माणूस आहे, आणि ते नेमके माझे मामेसासरे निघावेत हे माझं नशीब! जुन्नरच्या कोर्टात मामांनी जन्मभर पुकारा केला, प्रत्येक नाव तीनदा. तेवढ्यात कायदा अंगात असा मुरला की त्यांच्याकडे चहा प्यायचा तर साक्षीदारासारखं सावरून बसावं लागतं. ‘यंदा कांद्याला भाव येणार म्हणतात,’ असं मी एकदा सहज बोललो. ‘कोन म्हनतं? त्याला हजर करा. ऐकीव चालत नाय, पावणं!’ एकदा शेजारी धापा टाकत आला, उसात बिबट्या शिरलाय म्हणाला. ‘तू सोता पाह्यला?’ ‘नाय, चुलता म्हनला.’ ‘मंग चुलत्याला आन.’ चुलता येईस्तोवर मामांचीच कोंबडी गेली. मामा मात्र मातीतले ठसे बघून खूश. ‘ह्याला म्हनायचं पुरावा!’ मामींनी कपाळावर हात मारून घेतला.

या खोडीनं पुढे घरातच घोळ घातला. पिंपरी पेंढारला मामींच्या भावाचा शेजाऱ्याशी बांधावरून दावा लागला आणि भावानं मोठ्या भरवशानं मामांची साक्ष ठेवली. मामा पिंजऱ्यात उभे राहून म्हणाले, ‘आंबा आधी शेजाऱ्याच्या रानात व्हता, आता मेव्हण्याच्या रानात हाये. आंबा काय चालत आला नसंल.’ झालं! दावा गेला. सातबाऱ्यावर मामींचंही नाव होतं, त्यामुळे त्यांचाही तुकडा गेला. मामी त्यावर चकार शब्द बोलल्या नाहीत, आणि मामांनीही कधी विचारलं नाही.

दोन वर्षांपूर्वी मामी गेल्या. तेव्हापासून मामा मला अधूनमधून म्हणायचे, ‘ती माझ्यावर रागावली व्हती का, ह्याचा काय पुरावाच नाय, राव.’ फार वाईट वाटायचं.

परवा वाटाणे सोलता सोलता माझी बायको एकदम म्हणाली, ‘मामा, ऐकीव म्हणाल म्हणून इतके दिवस बोलले नाही. मामी मला म्हणाल्या होत्या, बांध माझ्या भावानंच सरकवला. यांनी खरं सांगितलं ते बरं केलं.’

आता मामा ‘हजर करा’ म्हणणार, या धास्तीनं मी खाली बघत बसलो. मामांनी चष्मा काढला.

‘गेलेल्या मानसाला हजर कसं करनार? आन् सोताची जमीन जात असून बोललीय ती. असलं ऐकीव कोर्ट धरतं, पावणं.’ मग भाचीकडे वळून हळूच म्हणाले, ‘परत सांग गं बाय. तिच्याच शब्दांत.’

बायकोनं ते तीनदा सांगितलं.