बाबांसाठी गांधार

माझ्या बाबांनी सांगलीत जन्मभर बाजाच्या पेट्या दुरुस्त केल्या आणि जन्मभर पेटीलाच शिव्या दिल्या. "हिचा गांधार चढा आहे," म्हणायचे. "सगळे सूर सारख्या अंतरावर बसवायच्या नादात गांधाराचा बळी दिलाय." ऐकून ऐकून आमचे कान किटले होते.

लग्नानंतर मी नवऱ्याच्या नोकरीपायी परदेशात, हूफडॉर्पला आले. घरी बसून जीव विटला होता. तेव्हा कळलं, इथल्या एका विद्यापीठात चर्चमधले मोठे ऑर्गन जुन्या पद्धतीने बांधायला पुन्हा शिकवताहेत. मी लगेच नाव घातलं. वाळूवर वितळलेलं शिसं ओतायचं, त्याच्या पत्र्याच्या नळ्या वळायच्या, भात्याने वारा भरायचा. सूरही जुन्याच रीतीने लावायचे. मास्तरांनी षड्जावर पहिला गांधार लावला, तेव्हा मी जागच्या जागी थिजले. तो जराही थरथरत नव्हता. बाबा ज्याच्यासाठी जगाशी भांडले, तोच हा.

पण तोवर बाबांचे कान जायला लागले होते. फोनवर ते नुसतं "काय? काय?" करत. उशीर झाला तर जन्मभर चुटपुट लागेल, म्हणून मी हट्टाने त्यांना इकडे आणलं.

आमच्या ऑर्गनच्या वर्कशॉपचा नियम कडक. सूर लावताना कॉफीचं मशीनसुद्धा बंद. सगळे श्वास धरून उभे. मी नळ्या वाजवल्या, तर बाबांनी तोंड वाकडं केलं. "भांडी आपटल्यासारखं वाजतंय." कानातली यंत्रं सुरांचा चोथा करत होती. मला त्यांचा रागच आला, आणि स्वतःचाही. एवढ्या लांब आणून म्हाताऱ्या माणसाचे हाल केले, दुसरं काय?

त्यांनी यंत्रं काढून खिशात टाकली आणि बोटाने खालचं सप्तक दाखवलं. मी तिथला षड्ज धरला, वर गांधार दिला. बाबा डोळे मिटून बसले. चेहऱ्यावर काहीच नाही. संपलं, असं वाटलं मला.

मग त्यांनी पंचम मागितला. तो दिला. कपाळाला आठी पडली.

"गांधार खरा आहे," ते म्हणाले. "पण पंचम उतरलाय गं."

उतरलाच होता, अगदी केसभर. या रीतीत गांधार शुद्ध ठेवायचा तर पंचमाला तेवढं खाली यावंच लागतं. खालच्या सप्तकातले सूर बाबांना यंत्रांशिवाय अजून नीट ऐकू येत होते. मला हुंदका आवरला नाही.