लाल ठिपक्याचं कुलूप

माझे भावजी, म्हणजे थोरल्या बहिणीचे यजमान, साधा दिवा बदलायचा असला तरी मेन स्विचला कुलूप ठोकणारे गृहस्थ होते. एकदा जिन्यातला दिवा गेला, तर यांनी अख्ख्या इमारतीची वीज बंद केली, पेटीला कुलूप घातलं, किल्ली खिशात टाकली आणि मग शिडीवर चढले. खाली शेजारी बोंबलताहेत, कुणाचं पाणी चढायचं थांबलंय, कुणाची इस्त्री अर्धवट राहिलीय. हे वरून शांतपणे म्हणतात, "पाच मिनिटं कळ काढा. मी चिकटलो तर जास्त वेळ जाईल." मी त्यांना तोंडावर येडपट म्हणायचो. मेव्हण्याला तेवढा हक्क असतो.

आम्ही दोघं फरश्यांच्या कारखान्यात. ते अठ्ठावीस वर्षांचे जुने फिटर, मी त्यांच्याच शब्दावर चिकटलेला. आमच्याकडे माती मळायचा एक मोठा ड्रम होता, चांगला खोलीएवढा, पुढून आणि मागून एकेक दार असलेला. आत माणसाच्या उंचीची पाती फिरायची. पात्यांना माती चिकटून दगड झाली की कुणीतरी आत शिरून ती खरवडायची. नियम एकच होता. आत जाणाऱ्याने स्विचच्या दांड्याला आपलं स्वतःचं कुलूप लावायचं आणि किल्ली आपल्याच खिशात ठेवायची. कुलूप असेपर्यंत दांडा वर जातच नाही. ज्याचं कुलूप, त्याचा जीव. ज्याने लावलं त्यानेच काढायचं, दुसऱ्याने हात लावायचा नाही.

सगळ्यांची कुलपं सारखीच दिसायची, म्हणून ताईने यांच्या कुलपावर आपल्या नेलपॉलिशचा लाल ठिपका दिला होता. आम्ही त्यावरून त्यांना काय काय चिडवायचो. हे गालातल्या गालात हसायचे आणि दर दोन-तीन महिन्यांनी ठिपका फिका झाला की कुलूप घरी नेऊन नवा लावून आणायचे. आत शिरण्यापूर्वी पाय दारात ठेवून एकदा वळून बघायचे. दांड्याला लाल ठिपका दिसला की आत. मी पाहिलेल्या नऊ वर्षांत एकदाही चुकलं नाही. एकदा कुलूप घरी राहिलं, तर हा माणूस भर उन्हात चालत घरी जाऊन ते घेऊन आला. साहेब तडतडत होता, तरी ढिम्म हलले नाहीत.

आणि मी? मी कुलूप विसरणारा. दोनदा लेखी ताकीद मिळाली होती. तिसऱ्यांदा सापडलो असतो तर सरळ घरी बसलो असतो.

त्या दिवशी सकाळी ड्रम अडला. आत जायची पाळी माझी होती आणि कुलूप दुसऱ्या पँटच्या खिशात, घरी. भावजींच्या कानाशी लागलो. त्यांचा चेहरा असा झाला की वाटलं आता चारचौघांत माझी काढणार. पण समोरून साहेब येत होता. त्यांनी गुपचूप आपलं कुलूप आणि किल्ली माझ्या हातात कोंबली.

"मी मागच्या दारापाशी नुसता बॅटरी धरून उभा राहतो. आत तू एकटाच जाणार. आणि हे शेवटचं. पुन्हा असं केलंस तर मीच तुला साहेबापुढे उभा करीन."

"कानाला खडा," मी म्हणालो.

अठ्ठावीस वर्षांत त्यांनी ते कुलूप कुणाला दिलं नव्हतं. मला दिलं, कारण मी त्यांच्या बायकोचा भाऊ होतो.

मी पुढच्या दाराने आत गेलो. वीसेक मिनिटं खरवडलं. घामाने डोळे चुरचुरत होते आणि मागून यांचं चालू होतं, "कोपऱ्यातलं राहिलं. खालच्या पात्याचं राहिलं." माझं डोकं फिरलं. म्हटलं, होऊ दे आता, फिरायला लागलं की निघेल आपोआप. बाहेर आलो. "झालं" म्हणून ओरडलो, पण शेजारी कॉम्प्रेसर धडधडत होता. मागच्या दारापर्यंत जाऊन बघायला हवं होतं. ती दहा पावलं मी चाललो नाही. कुलूप काढलं, खिशात टाकलं आणि पाणी प्यायला गेलो. ऑपरेटरने बघितलं, दांडा मोकळा आहे, कुणाचंच कुलूप नाही. त्याने दांडा वर केला. त्याची काही चूक नाही.

मी बाहेर पडतोय तेवढ्यात भावजी राहिलेली माती काढायला मागून आत शिरले होते. बिनकुलपाचा हा माणूस आत शिरलाच कसा, असं सगळे विचारत होते. मला माहीत आहे कसा. त्यांनी दारात पाय ठेवून वळून बघितलं असणार. मागच्या दारातून दांडा सरळ दिसतो. दांड्याला लाल ठिपका होता. आज ते कुलूप त्यांचं नाही, माझं आहे, हे त्या एका क्षणी त्यांच्या ध्यानातून गेलं.

चौकशीच्या कागदावर लिहिलं गेलं, "मृत कामगाराने स्वतःचे कुलूप न लावता यंत्रात प्रवेश केला." मला विचारलं तेव्हा मी म्हणालो, मी पाणी पीत होतो. खोटं नव्हतं ते. पण माझ्यासारखा नालायक मीच.

कारखान्याने ताईला त्यांच्या वस्तू पिशवीत घालून दिल्या. डबा, चष्मा, चपला. तिने पिशवी दोनदा उलटी केली.

"कुलूप कुठंय रे?"

"बघतो," मी म्हणालो.

पुढच्या आठवड्यात ती स्वतः फाटकावर जाऊन विचारून आली. स्टोअरमध्ये विचारलं, ऑपरेटरला विचारलं. शेजारपाजारचे म्हणायला लागले होते, दुसऱ्यांना एवढे धडे द्यायचे आणि शेवटी स्वतःच हलगर्जीपणा केला. ताई त्यांच्याशी भांडून यायची आणि मला म्हणायची, "तू तरी सांग ना त्यांना. तू तर तिथेच होतास." मी मान हलवायचो. कुलूप माझ्या पेटीत सदऱ्याखाली होतं आणि किल्ली खिशात.

एकविसाव्या दिवशी मी ते नेऊन तिच्या टेबलावर ठेवलं आणि सगळं सांगितलं. कोपऱ्यातली माती, कॉम्प्रेसर, दहा पावलं, काही गाळलं नाही. ती अंगठ्याने तो ठिपका पुसत राहिली.

"म्हणजे त्यांचं कुलूप लावलेलं होतं," ती म्हणाली.

"हो."

"मग हे तिथे जाऊन सांग. इथे रडू नकोस."

मी गेलो. सेफ्टीवाल्या साहेबांनी दोनदा विचारलं, शुद्धीवर आहेस ना? मग लिहून घेतलं. जुनं वाक्य खोडून नवीन लिहिलं आणि त्यात माझं नाव आलं. त्याच दिवशी माझी नोकरी गेली.

नव्या कागदाची प्रत ताईला द्यायला गेलो. तिने उभ्यानेच शेवटपर्यंत वाचली. कुलूप तिने भावजींच्या हत्यारांच्या पेटीच्या कडीत अडकवलं आणि माझ्यासमोर दाबून बंद केलं. मी खिशातून किल्ली काढून पुढे केली.

"ती तुझ्याकडेच राहू दे," ती म्हणाली आणि आत निघून गेली.