जाळीबाहेरचे चार दिवस

कोंबडीला 'अहो' म्हणणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला. "अहो, जरा सरकता का? इथं पाणी ठेवायचंय," असं ते आमच्या परसात उभे राहून एका तांबड्या कोंबडीला म्हणाले आणि ती सरकायची वाट बघत थांबले. कोंबडी सरकली नाही. मी भांडं त्यांच्या हातातून घेतलं, कोंबडीला पायाने बाजूला केलं आणि पाणी ठेवलं. खरं तर एवढ्यावर हे लिखाण संपायला हरकत नाही. पण असल्या माणसांना लोक 'साधे हो बिचारे' म्हणून सोडून देतात, म्हणून सविस्तर लिहिते.

ते आमचे भाडेकरू. वरच्या मजल्यावर राहायचे म्हणून घरात त्यांचं नाव 'वरचे'. वयाने माझ्याहून बारा वर्षांनी मोठे, म्हणून तोंडावर मी काका म्हणायची. ते मला वहिनी म्हणत. मूळचे पुण्याचे. बायको वारलेली. मुलाने ह्याच शहरात, एचएसआर लेआउटमध्ये फ्लॅट घेतला होता, त्याचा ताबा मिळाला की ते तिकडे जाणार होते. तो मिळायला तीन वर्षं लागली. मारतहळ्ळीच्या कुठल्याशा कंपनीतून ते निवृत्त झाले होते. तिथे काय काम करायचात, असं मी विचारलं, तर म्हणाले, "नव्या जॉइन झालेल्या मुलांना कंपनीची ओळख करून द्यायचो. इंडक्शन."

"आणि मग?"

"मग पुढची बॅच."

आमचं घराणं साडेतीनशे वर्षं ह्या कानडी मुलखात आहे. आमची ओळख इथे कुणी कुणाला करून दिल्याचं ऐकिवात नाही.

वरचे अंडं खात नसत. केकसुद्धा विचारून खात. अशा माणसाने कोंबड्यांच्या भानगडीत पडू नये, पण संध्याकाळी स्टीलच्या पेल्यात कॉफी घेऊन ते जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर येऊन बसत आणि कोंबड्यांकडे टीव्हीसारखे बघत. कोण कुणाला टोचते, कोण आधी खाते, कोण कुणाशेजारी झोपते, हे सगळं त्यांना ठाऊक. मला ठाऊक असण्याची गरज नव्हती. मी कोंबड्यांना नावं देत नाही. कधीतरी कढईत जायचंय त्याला नाव देऊ नये. काळी, तांबडी, लंगडी, झालं. आमच्या घरातले तर कोंबडीला हातही लावत नाहीत. त्यांचा हात थेट अंड्याला.

काळी सगळ्यांत जुनी. दाणे टाकले की पहिली चोच तिची, खुराड्यात वरच्या दांडीवरची कोपऱ्यातली जागा तिची. बाकीच्या तिला वाट देत. मला ती कोंबडी आवडायची. तिच्यात गोंधळ नव्हता.

पण कोंबड्या म्हाताऱ्या होत चालल्या होत्या. सहाच्या चार उरल्या होत्या आणि चौघींत मिळून आठवड्याला पाच-सहा अंडी. नव्या आणून रुळल्या नाहीत, तर वर्षा-दोन वर्षांत खुराडं रिकामं होणार हे दिसत होतं. आमच्या गल्लीत सगळीकडे चार-चार मजले उठलेत. परस आहे ते आमचंच आणि कोंबड्या आहेत त्याही आमच्याच. सासूबाईंच्या काळापासून ह्या परसात कोंबडी नाही असा दिवस गेलेला नाही, आणि तो माझ्या हातून यावा असं मला वाटत नव्हतं.

म्हणून होसकोटेच्या बाजारातून मी दोन नाटी, म्हणजे गावरान, कोंबड्या आणल्या. सासूबाईंची पद्धत सरळ होती: पिशवी उघडायची, कोंबडी परसात सोडायची, मूठभर रागी, म्हणजे नाचणी, टाकायची आणि आपल्या कामाला लागायचं. तसंच केलं. काळीने पहिलीचा तुरा फोडला. रक्त दिसल्यावर बाकीच्याही तुटून पडल्या. ती त्याच दिवशी गेली. दुसरी तीन दिवस तुळशीकट्ट्यामागे उपाशी बसून गेली.

वरचे पायरीवरून म्हणाले, "वहिनी, तुम्ही त्यांची ओळखच करून दिली नाहीत."

"काका, कोंबडी आणलीय. सून नाही आणली."

"सुनेला निदान बोलता येतं," ते म्हणाले आणि कॉफी पिऊ लागले.

पुढच्या खेपेला मी तीन आणल्या, तेव्हा पिशवी उघडायच्या आतच वरचे खाली आले. म्हणाले, ह्या महिनाभर मला द्या. मी दिल्या. चांगल्या मनाने नाही. हा माणूस एकदा तोंडावर आपटावा अशी माझी इच्छा होती.

त्यांनी तिघींना गच्चीवर वेगळ्या पिंजऱ्यात ठेवलं. नव्या कोंबडीबरोबर काय रोग येईल सांगता येत नाही, म्हणून महिनाभर शिवाशिव नाही. वर जायच्या चपला वेगळ्या, खाली यायच्या वेगळ्या. वरून आले की साबणाने हात धुऊन मगच परसात पाऊल. कोंबडीसाठी सुतक पाळणारा माणूस असं मी त्यांना गल्लीभर सांगितलं आणि लोक हसले. दुसऱ्या आठवड्यात तिघींपैकी एकीचं नाक गळायला लागलं, तोंड सुजलं आणि ती मेली. बाकीच्या दोघी वाचल्या. माझ्या चौघींना शिंकही आली नाही. मी ह्याला योगायोग म्हणाले. वरचे चपला बदलून पुन्हा गच्चीवर गेले. त्याचा मला जास्त राग आला.

मग परसाच्या कोपऱ्यात कोंबडीजाळी ठोकून त्यांनी दोघींना तिच्यामागे ठेवलं. दिसायचं, पण भिडायचं नाही. काळी दिवसभर जाळीवर धडका मारायची. जाळीच्या दोन्ही अंगांना त्यांनी दाण्याचं एकेक भांडं ठेवलं, म्हणजे दोन्हीकडच्या एकमेकींना बघत जेवतील. चार दिवसांनी काळीने धडका सोडल्या आणि जाळीशी उभी राहून नुसती खाऊ लागली.

"घाई नको, वहिनी. ओळख होऊ द्या," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. दुधाच्या पिशव्या टाकणाऱ्या अण्णालाही ते हेच ऐकवत. तो "सरी सार," म्हणजे 'बरं साहेब', म्हणायचा आणि पळायचा.

दहाव्या दिवशी दिवेलागणीला, जुन्या कोंबड्या दांडीवर चढून पेंगायला लागल्यावर, त्यांनी दोघींना उचलून हळूच त्यांच्या शेजारी बसवलं. सकाळी उठून बघतात तर ह्या आधीपासूनच इथे, असं जुन्यांना वाटावं, ही कल्पना. तिघी फसल्या. काळी फसली नाही. उजाडताच तिने दोघींना परसभर पळवलं.

"आता?" मी विचारलं. मला बरं वाटत होतं, हे लपवत नाही.

"आता काळीताईंना चार दिवस गच्चीवर नेऊ."

"मार खाणाऱ्या सोडून हिला? घरची मालकीण बाहेर?"

"शिक्षा नाही, वहिनी. रजा."

काळी चार दिवस गच्चीवर एकटी होती. खाली बाकीच्या पाचजणींनी जागा वाटून घेतल्या. पाचव्या दिवशी तिला परत सोडलं, तर कोपऱ्यातल्या दांडीवर तांबडी बसली होती. काळी तिथे गेली आणि तिला टोच बसली. ती कोंबडी परसाच्या मधोमध उभी राहिली आणि कुठे जावं हे तिला समजेना. आठवडाभर ती शेवटी खायची. नव्या दोघी मात्र रुळल्या आणि महिन्याभरात अंडी घालू लागल्या. खुराडं रिकामं होणार नव्हतं. वरच्यांची पद्धत बरोबर होती. मला ती आवडली नाही. ज्या कोंबडीने दहा पावसाळे धाक ठेवला तिला चार दिवसांत कुणी पाहुणी करू नये. मी हे बोलून दाखवलं, तर म्हणाले, "तिलाही ओळख नव्याने करून घ्यावी लागेल. होईल."

पुढे माघात नहाणीपाशी माझा पाय घसरला आणि घोटा मोडला. म्हैसूरची धाकटी बहीण येऊन घेऊनच गेली. दोन महिने मी तिच्या पलंगावर पडून फोनवरून कोंबड्या सांभाळल्या. वरचे रोज निरोप पाठवत: आज पाच अंडी, लंगडी बरी आहे, तांबड्या बाई रुसल्यात. मी म्हणायची, रुसू देत, दाणे टाका.

परत आले ती वॉकर घेऊन. ॲल्युमिनियमचा, फरशीवर खण्ण खण्ण वाजणारा. थेट परसात गेले. पहिला खण्ण वाजला आणि साही कोंबड्या ओरडत उधळल्या. मी हाक मारली, तर आणखी लांब गेल्या. मग एकेक करून सगळ्या जिन्याखाली, वरच्यांच्या पायांशी जाऊन उभ्या राहिल्या. माझ्या परसात, माझ्या कोंबड्या, अंडं न खाणाऱ्या माणसाच्या पायांशी.

वरचे हसले असते तर बरं झालं असतं. ते हसले नाहीत. त्यांनी पेला खाली ठेवला, घसा खाकरला आणि म्हणाले, "वहिनी, तुम्ही चार दिवस जाळीबाहेर बसा. वॉकर शेजारी ठेवा. त्यांना बघू द्या. ओळख होऊ द्या."

मी काय बोलले ते छापण्यासारखं नाही. त्यात साडेतीनशे वर्षं आली, सासूबाई आल्या आणि रिकामा करून मागितलेला वरचा मजलाही आला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, साही कोंबड्यांना कोपऱ्यातल्या जाळीमागे घेतलं आणि जाळीपाशी माझ्यासाठी खुर्ची आणून ठेवली.

मी बसले. मोडक्या पायाने दुसरं काय करणार. हंगामातल्या शेवटच्या अवरेकाळूच्या, म्हणजे पावट्याच्या, शेंगा मांडीवर घेऊन सोलत बसले. पहिल्या दिवशी कुणी फिरकलं नाही. दुसऱ्या दिवशी सोललेली सालं जाळीतून आत टाकली, ती मी उठून गेल्यावर खाल्ली. तिसऱ्या दिवशी काळी आली. माझ्यावर प्रेम म्हणून नाही, तिला दुसरीकडे जागा नव्हती म्हणून. ती जाळीशी पंख पसरून बसली. आम्ही दोघी तासभर एकमेकींकडे न बघता बसलो. चौथ्या दिवशी बाकीच्या आल्या.

त्या दिवाळीनंतर फ्लॅटचा ताबा मिळाला आणि वरचे निघाले. प्रत्येक कोंबडीपाशी जाऊन "येतो हं" म्हणाले. मी म्हटलं, "काका, एकदम सामान घेऊन जाऊ नका. आधी चार-आठ दिवस जाऊन येऊन राहा. तुमचंच शास्त्र."

"माणसांना तेवढा वेळ कुठे असतो, वहिनी," म्हणाले आणि टेम्पोत बसले. एकट्या कोंबडीला कधी नव्या कळपात सोडू नये, दोघी तरी हव्यात, हा त्यांचाच नियम. ते एकटेच गेले.

चार महिन्यांनी मी त्यांच्याकडे गेले. सातवा मजला. सुनेने दार उघडलं. हसतमुख मुलगी, कानात फोनची वायर, मीटिंग चालू. बोटाने बाल्कनी दाखवली. तिथे कबुतरं येऊ नयेत म्हणून वरपासून खालपर्यंत जाळी लावलेली आणि जाळीशी खुर्चीवर वरचे, हातात पेला. बघायला समोर दुसरी बाल्कनी, तिलाही जाळी.

"इथे का बसलाय?"

"त्यांच्या मीटिंग्ज असतात. मध्ये नको यायला. चांगली आहेत मुलं." मग म्हणाले, "होईल ओळख."

"काळीला चार दिवस लागले. तुम्हाला चार महिने झाले."

जन्मभर दुसऱ्यांच्या ओळखी करून दिलेल्या माणसाला स्वतःची एक जमेना. मला त्यांची इतकी चीड आली की मी त्यांना उठवलं, खुर्ची उचलली आणि आत नेऊन जेवणाच्या टेबलाला लावली. पिशवीतला अंड्यांचा डबा त्यांच्या हातात दिला. "हा सुनेला द्या. त्यात तुमच्या नव्या दोघींचीही आहेत. मी दिली म्हणून सांगू नका."

"पण मी तर अंडी…"

"तुम्हाला कोण देतंय? तिला द्या."

मीटिंग संपवून सून आली आणि तिने डबा उघडला. सगळी अंडी वेगवेगळी: एक गुलाबीसर, एक अगदी लहान, एक ठिपक्यांचं. दुकानात अशी मिळत नाहीत. तिने कानातली वायर काढली. "बाबा, ही तुम्ही आणलीत? हे ठिपक्यांचं कुणी घातलं?"

वरच्यांनी माझ्याकडे बघितलं. मी चपला शोधत होते.

"ह्या ना," ते खुर्चीवर नीट सरसावून बसत म्हणाले, "ह्या होसकोटेच्या. स्वभावाने फार शांत हो. पहिला महिनाभर त्यांना आम्ही…"

सून समोरची खुर्ची ओढून बसली. मी लिफ्टकडे गेले. दार लागेपर्यंत त्यांचं 'तांबड्या बाई' आणि 'काळीताई' ऐकू येत होतं. कोंबडीला अहोजाहो करणारा माणूस. ती मुलगी बिचारी ऐकत बसली असणार.

गेल्या महिन्यात मी होसकोटेहून आणखी तीन आणल्या. सध्या त्या गच्चीवर आहेत. वर जायच्या माझ्या चपला वेगळ्या आहेत.