सीटखालचं कार्ड

"बाबा गेले. दुकान दहा दिवस बंद राहील." अण्णांच्या मुलीचा, शुभदाचा, निरोप आला तेव्हा मी हिंजवडीच्या कंपनी बसमध्ये होतो. दुःखाच्याही आधी मनात आलं, आता ते सांगायचं राहूनच गेलं... महिना झाला, पण हा विचार पाठ सोडत नाही.

शनिवार पेठेत अण्णांचं ऑइलचं दुकान. वीस वर्षं माझ्या मोटरसायकलचं तेल त्यांनीच बदललं. पहिल्यांदा गेलो तेव्हा ऐटीत म्हणालो होतो, "सगळ्यात महागाचं द्या." त्यांनी चष्म्यावरून पाहिलं. "महागाचं हवं तर सराफाकडे जा. इथं गाडीला लागणारं मिळतं." मग गाडी कोणती, रोज किती चालते, सिग्नलला किती थांबते, हे सगळं विचारून त्यांनी डबा काढला. किलोमीटर आणि तेलाचा ग्रेड एका कार्डावर लिहून ते सीटखाली खोचलं. दर वेळी त्यावर एक ओळ वाढायची.

पुढे मी कार घेतली. एकदा मोटरसायकलमध्ये तेल थोडं कमी दिसलं, म्हणून कारचं उरलेलं भारी तेल वरून ओतलं. भारी तेल कशाला बाधेल? चार दिवसांनी कात्रजच्या चढावर इंजिन नुसतं ओरडायला लागलं, गाडी काही पुढे जाईना. मी तणतणत दुकानात गेलो आणि गिऱ्हाइकांसमोर म्हणालो, "अण्णा, तेल भेसळीचं दिलंत!"

त्यांनी तेलाचा थेंब बोटांत चोळला, वास घेतला. "वरून काही घातलंय?"

"नाही," मी म्हणालो.

"बरं." त्यांनी मुकाट्याने सगळं तेल काढून नवं भरलं. तोवर दोन गिऱ्हाइकं डबा न घेताच निघून गेली होती.

पुढे कधीतरी मी तिथं उभा असताना ते दुसऱ्या कोणाला समजावत होते, "कारच्या तेलात इंजिन हलकं चालावं म्हणून घसरडं काही घातलेलं असतं. बाइकचा क्लच त्याच तेलात बुडालेला. मग प्लेटा पकड घेतील कशा?" माझ्याकडे त्यांनी पाहिलंही नाही. मला सगळं उमगलं, तरी तोंड उघडलं नाही. ते मात्र दर वेळी तितक्याच मायेने गाडी बघत राहिले.

परवा सीट उचलली. त्या दिवसाच्या ओळीपुढे अण्णांच्या बारीक अक्षरात लिहिलं होतं : 'कारचं तेल निघालं.' नऊ वर्षं मी त्यावरच बसून फिरत होतो.

कार्ड घेऊन दुकानात गेलो. काउंटरवर शुभदा होती, पुढे तीन गिऱ्हाइकं. सगळ्यांसमोर, मोठ्याने, होतं ते सांगून टाकलं. तिने कार्ड वाचलं, हात पुसले.

"हे बाबांसमोर बोलायला हवं होतंत, काका."

"हो..."

ती बाहेर आली, मीटर पाहिला, बसकं स्टूल ओढून गाडीशी बसली. तेलाचा थेंब बोटांत चोळत तिने विचारलं, "वरून काही घातलंय?"

"नाही," मी म्हणालो. या वेळी ते खरं होतं.